हिंडतीफिरती माणसं

नाशिकच्या पोटातून बोगदा काढायचं ठरलं, तेव्हा सिंहस्थाचं कारण सांगण्यात आलं. आपल्याकडे एकदा सिंहस्थाचं नाव घेतलं की पुढे कुणी तोंड उघडत नाही. द्वारका चौकापासून थेट गंगापूर रस्त्यापर्यंत, जमिनीखालून चौपदरी रस्ता. वरचा रस्ता रुंद करायचा तर बड्या लोकांची हॉटेलं नि शोरूमं पाडावी लागली असती. खालून गेलं की पाडायचं काहीच नाही. जे पडायचं ते आपोआप पडणार, आणि पडलं तर जुन्या नाशकात पडणार, जिथे घर बसल्याची बातमी पेपरात शेवटच्या पानावर तळाला येते.

खडक कोरणाऱ्या यंत्राचं सरकारी नाव 'गोदाई'. पूजा झाली, नारळ फुटला, मंत्र्यांनी हिरवा झेंडा दाखवला. लोकांनी मात्र तिचं नाव ठेवलं घूस. घरं पायाखालून पोखरणारा प्राणी कसा असतो, हे जुन्या नाशकात कुणाला शिकवावं लागत नाही.

सारिका केदारे ही त्या घुशीचे कान होती.

म्हणजे असं, की शहरातल्या प्रत्येक रस्त्याखाली इंटरनेटच्या काचतारा पुरलेल्या आहेत. केसाएवढी बारीक काच आणि तिच्यातून धावणारा प्रकाश. काच कितीही निर्मळ असली तरी तिच्यात जागोजाग सूक्ष्म खोट असते, आणि त्या खोटीवर आपटून थोडासा प्रकाश मागे फिरतो. वर कुणी चाललं की माती दबते. माती दबली की काच किंचित ताणली जाते. मग मागे फिरलेल्या प्रकाशाच्या येण्यात किंचित फरक पडतो. हा फरक टिपणारी पेटी तारेच्या एका टोकाला बसवली, की तीच तार म्हणजे कान. नवीन काही पुरायला नको, रस्ता खणायला नको. जी तार घरात सिनेमे आणून देते तीच घरातली पावलं बाहेर नेते.

घुशीला हे कान हवे होते मातीसाठी. जुनं नाशिक खडकावर नाही, पांढरीवर वसलेलं आहे. पांढरी म्हणजे शेकडो वर्षांच्या पडक्या घरांची, चुलीतल्या राखेची, फुटक्या मडक्यांची माती. तिच्या खाली काळा खडक. बोगदा जिथे या दोन्हींच्या सांध्यातून जातो, तिथे माती कुठे सरकते, पाणी कुठे गळतं, हे सतत ऐकत राहावं लागतं. पण माती ऐकायला बसलेल्या पेटीला पावलं फुकटात ऐकू आली, आणि फुकटात मिळालेली गोष्ट सरकार कधी सोडत नाही.

त्यातून नियम निघाला. घूस ज्या गल्लीखालून जाणार ती गल्ली आधी रिकामी करायची. रिकामी झाली की नाही, हे तारेने ऐकायचं. एक जरी पाऊल ऐकू आलं तरी घूस आपोआप थांबणार. कोर्टात कुणीतरी याचिका केली होती, तेव्हा बोगदा बांधणाऱ्या महामंडळाच्या वकिलाने हेच दाखवलं. न्यायमूर्ती प्रसन्न झाले म्हणतात. माणसांवर विश्वास नको, यंत्र स्वतःच थांबतं, याहून सुरक्षित काय असणार?

सारिकाने आधी एका टेलिफोन कंपनीत केबलचे दोष शोधण्यात उमेदीची वर्षं घालवली होती. मग महामंडळाने तिला उचललं. तोंडावर केदारे मॅडम, पाठीमागे कानवाली. घरी नवरा, विलास, आधी थट्टेने मोजे घालून फिरायचा. "पोलीसपाटलीणबाई, आता स्वयंपाकघरात चाललोय हो, लिहून घ्या." पुढे थट्टा संपली, मोजे राहिले. आणि सख्ख्या भावाने बोलणं टाकलं.

भावाचं असं झालं. नितीन पगारे बुरूडगल्लीत राहायचा, आईवडिलांच्या घरात, आई आणि बायकोसोबत. उन्हाळ्यात गल्ली रिकामी करायची रंगीत तालीम झाली. सगळ्यांना बाहेर काढलं, दोरखंड लावला. नितीन आईची औषधं विसरला म्हणून परत आत गेला. पडद्यावर एक पाऊल उमटलं. डावा पाय जरा घासणारं, उजवा जोरात पडणारं. लहानपणी सायकलवरून पडल्यापासून तो तसाच चालतो. सारिकाला ते पाऊल कुणाचं हे कळलं. तरी तिने नियमाप्रमाणे बोट ठेवलं, घर क्रमांक सांगितला, आणि पोलिसांनी नितीनला दोन मुस्काटात ठेवून रात्रभर चौकीत बसवलं.

"ओळखलंस ना मला?" नंतर त्याने फोनवर विचारलं होतं.

"ओळखलं."

"बस. एवढंच विचारायचं होतं."

त्यानंतर फोन नाही. त्याच्या बायकोकडून, रोहिणीकडून, एक निरोप तेवढा आला: आईला येवल्याला मावशीकडे पोचवलंय, काळजी करू नका. आईचं खुब्याचं हाड मोडल्याला बरेच महिने झाले होते. ती पलंगावरच असायची. येवला बरं, असं सारिकाला वाटलं. मोकळी हवा, तळमजल्याचं घर. खरं सांगायचं तर तिला हायसं वाटलं. दमलेल्या माणसाला कुणी सांगितलं की एक काम परस्पर झालंय, तर तो दुसऱ्यांदा विचारत नाही.

घूस बुरूडगल्लीखाली शिरायची ती सकाळ उजाडली.

नियंत्रण कक्षात चहा फिरत होता. पडद्यावर गल्लीचा नकाशा होता, प्रत्येक घरावर शून्य. खैरनार साहेब, मुख्य अभियंता, नेहमीसारखे उभ्यानेच चहा पीत होते. बसले की झोप लागते म्हणायचे.

"काय म्हणतेय गल्ली?"

"गप्प आहे साहेब."

"अशीच राहू दे. संध्याकाळपर्यंत पलीकडे निघालो की मी दोन दिवस झोपणार. बायकोला सांगून ठेवलंय, मेलो समजून पाणी वगैरे पाजू नकोस."

सारिका हसली आणि तिला आईची आठवण आली. आज त्या घराखालून जातोय, तर आईशी निदान दोन शब्द बोलावं. तिने गॅलरीत जाऊन मावशीला फोन लावला.

"मावशी, सारिका. आई उठलीय का?"

"कुठं?"

"तुझ्याकडं. दे ना जरा फोन."

मागे कुकरची शिट्टी वाजली.

"अगं बये, ती माझ्याकडं कुठंय? नित्या आला होता विचारायला. मी म्हटलं माझेच गुडघे गेलेत, मी तिचं कसं करू? तर म्हणाला राहू दे, ताईकडं नेतो. तुझ्याकडं नाही व्हय ती?"

सारिकाने फोन ठेवला. मग भावाला लावला. इतक्या महिन्यांनी त्याने पहिल्याच घंटेला उचलला, यावरूनच तिला कळलं.

"नित्या, आई कुठंय?"

"घरात," तो म्हणाला.

"कुठल्या घरात?"

"आपल्याला घरं किती आहेत ताई?"

ती परत खुर्चीवर येऊन बसली. तिने आपल्या माहेरच्या घराचा आवाज वेगळा काढला. सगळ्या गाळण्या काढून टाकल्या, मोठा केला, कानाला लावला. घुशीची घरघर होती. नळाच्या पाइपातून एक थेंब कुठेतरी टपकत होता. बाकी काही नाही. ज्याला पाऊल नाही त्याचा आवाज नाही. तिच्या आईचं वजन पलंगाच्या चार पायांवर होतं आणि ते चार पाय हलत नव्हते. यंत्राच्या हिशेबी आई म्हणजे एक कपाट होतं.

आता ही चूक कुणाची? गल्लीत पाहणी करायला जी पोरं गेली त्यांना प्रश्न लिहून दिला होता: घरात हिंडतीफिरती माणसं किती? प्रश्न तारवाल्यांनी काढला होता. त्यांना पावलांशी कर्तव्य. किती जोडी पावलं ऐकू येतात एवढंच त्यांना हवं होतं. मग तोच आकडा संक्रमण शिबिरवाल्यांनी उचलला. तेवढ्याच खोल्या, तेवढीच ताटं. शिबिर चौथ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. नाही तर नाही, माणसं हिंडतीफिरतीच तर आहेत! मग तोच आकडा कोर्टात गेला, गल्लीची लोकसंख्या म्हणून. कुणी खोटं बोललं नाही. आपल्या भाषेत म्हातारी माणसं देवाकडे हिंडतंफिरतं मरण मागतात. ज्यांना ते मिळत नाही त्यांचं काय करायचं, याची सोय ना देवाने केली ना महामंडळाने.

खैरनार साहेबांना तिने बाजूला घेऊन सांगितलं. त्यांनी कप खाली ठेवला.

"पडद्यावर काय दिसतंय?"

"शून्य."

"मग पुरावा काय?"

"पुरावा नाही साहेब. माझी आई आहे."

त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले. वाईट माणूस नव्हता तो. वाईट असता तर गोष्ट सोपी झाली असती.

"मी थांबवू शकत नाही. तुम्हाला माहितीय का ते. घुशीचं तोंड आत्ता अर्धं खडकात आहे, अर्धं पांढरीत. ती पुढे जाते तोवर तिच्या तोंडाचा दाब मातीला धरून ठेवतो. थांबली की दाब उतरतो, सांध्यातून पाणी सुटतं, आणि पाण्याबरोबर माती. वरची घरं कणकेसारखी बसतील. चालत राहिली तर बहुधा काही होणार नाही. थांबली तर नक्की होईल."

"आणि पाऊल ऐकू आलं तर?"

"तर ती आपोआप थांबेल." ते कडवट हसले. "सुरक्षेसाठी. कोर्टाने कौतुक केलंय."

"हे बंद करता येतं का?"

"मुंबईहून. तीन जणांच्या सह्यांनी. एक जण परदेशात आहे." खैरनार तिच्याकडे न बघता खिडकीतून बाहेर बघत राहिले. "केदारेबाई, तुम्ही आज आजारी आहात. घरी जा. कुठल्या रस्त्याने जाता ते मला विचारायचं नाही. आणि गेलात तर, देवाशपथ, पाऊल वाजवू नका."

नितीन बुरूडगल्लीच्या तोंडाशी, दोरखंडाबाहेर, चहाच्या टपरीवर बसलेला होता. दाढी वाढलेली. तो रोज तिथेच बसायचा म्हणे. दिवसातून दोनदा मागच्या न्हाणीच्या भिंतीवरून आत जायचा, आईचं सगळं करायचा, परत यायचा. आज सकाळपासून मागच्या बाजूलाही पोलीस बसवलेले होते.

सारिकाने काही विचारायच्या आधीच तो बोलला. "शिबिरात नेली होती. दोघांनी खुर्चीत घालून चौथ्या मजल्यावर चढवली. तिथला बाबा म्हणतो, दोनच नावं आहेत. म्हटलं आई आहे. म्हणतो, यादीत आई नाही. खाली उतरवली. आता बोल."

"मला का नाही सांगितलंस?"

"तुला?" तो हसला. "तुझ्या पेटीला सांगायचं की तुला?"

सारिकाने दोरखंडापलीकडे पाहिलं. "आत कसा जायचास? मला एकदाही ऐकू आला नाहीस."

"सगळी गल्ली शिकलीय ती चाल. तुझ्यामुळे." त्याने आवाज खाली आणला. "गोधड्या अंथरल्यात घरभर. आणि ताल धरायचा नाही. तुझी पेटी ताल शोधते ना?"

खरं होतं ते. पेटी पाऊल ओळखायची ती लयीवरून. माणूस चालतो तेव्हा एकसारखा ठेका पडतो. मांजराच्या उड्या, पडलेलं भांडं, वाऱ्याने आपटलेलं दार, यांना ठेका नसतो. ठेका नसलेलं सगळं पेटी कचरा म्हणून टाकून द्यायची. जुन्या नाशकातली पोरंसुद्धा आता एक पाऊल टाकून थांबायची, मग दोन घाईची, मग परत थांबायची. लोक त्याला पाऊल चोरणं म्हणायचे. अख्ख्या शहराला आपल्याच घरात चोरासारखं चालायला लावलं होतं या कानांनी, आणि कानवाली पगार घेत होती.

दोरखंडाशी होमगार्ड होता. तिचा बिल्ला बघून उठला. "मॅडम, आत पाऊल टाकू नका हां. वरून कडक ऑर्डर आहे."

"टाकत नाही," सारिका म्हणाली आणि चपला काढल्या.

गल्लीत शिरल्यावर आधी जाणवला तो जमिनीचा सूर. कानाने नव्हे, पोटऱ्यांनी. घूस अजून दोन घरं मागे असेल. खिडक्यांची तावदानं बारीक आवाजात कुरकुरत होती. नितीन पुढे. एक पाऊल. थांबला. दोन. थांबला. सारिका त्याच्यामागे निघाली तसा तो वळला आणि कुजबुजला, "माझ्या पायात पाय टाकू नकोस. दोघांचं जुळलं की ऐकू जाईल. तू तुझं बिघडवत ये."

बिघडवणं अवघड गेलं नाही. कित्येक महिने दोघं तेच करत होती.

घरात फडताळावरची भांडी थरथरत होती. पलंगाशेजारी पेल्यातल्या पाण्यावर वर्तुळं उठत होती. आई, यमुनाबाई, भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या.

"नित्या? लवकर आलास?"

"आई, मी," सारिका म्हणाली.

म्हातारीने मान वळवली. बराच वेळ बघितलं. "आली का? ऐकायला आली का?"

"न्यायला आलेय. चल माझ्या घरी."

"मी नाही यायची. तुझ्या कानाखाली राहायचं नाही मला."

नितीनला अशा वेळीही हसू फुटलं. त्याने तोंडावर हात धरला.

"आई, खालून ते यंत्र येतंय," सारिका म्हणाली.

"माहितीय मला. पाठीला कळतंय. तुझ्या यंत्राला मी कळत नाही, पण मला ते कळतंय." तिने पेल्याकडे बोट केलं. "तुमचा माणूस आला होता दारात. घरात हिंडतीफिरती किती, म्हणून विचारलं. नित्या म्हणाला दोन. मी आतून ऐकलं. खरंच बोलला तो. मी आहे कुठं त्यात?"

"मी खोटं बोलायला हवं होतं," नितीन म्हणाला.

"गप रे. खोटं बोलायचं तुला कधी जमलंय?"

फडताळावरून एक वाटी सरकत सरकत कडेला आली आणि पडली. तिघंही श्वास धरून राहिले. खालचा सूर तसाच चालू राहिला. वाटीला ठेका नव्हता.

"ताई," नितीन एकदम म्हणाला, "पाय आपट ना. चार पावलं जोरात टाक. थांबेल ती. तुमचाच नियम आहे."

सारिकालाही ते सुचलं होतं, दोरखंड ओलांडतानाच. हे सगळं इथेच थांबवावं. सगळ्यांना कळू दे. उद्या पेपरात पहिल्या पानावर. तिचा पाय खरोखरच उचलला गेला होता.

"थांबली तर पाणी सुटेल," ती म्हणाली. "आपल्याच खाली. घर बसेल. आपल्यासकट."

"म्हणजे ऐकू आलो तरी मरायचं, नाही आलो तरी मरायचं?"

"चल, उचल."

यमुनाबाईंनी पलंगाची कड घट्ट धरली. "दोघांनी नाही उचलायचं. त्याला चौघं लागतात."

"आई, मस्करी नको. धर माझ्या गळ्याला."

"मस्करी कुठं करतेय?" पण कड धरलेला हात सुटला. का सुटला कोण जाणे. कदाचित सारिकाच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं तिला तेव्हा दिसली असतील. "केवढी वाळलीस गं," ती म्हणाली. "तुला कोण घालतं का खायला?"

गोधडीची झोळी केली. नितीन डोक्याकडे, सारिका पायाकडे. म्हाताऱ्या माणसाचं वजन कमी असतं असं म्हणतात. म्हणणाऱ्यांनी ते कधी उचललेलं नसतं. उंबरा. एक पाऊल. थांबा. सारिकाच्या मनगटांतून कळा निघायला लागल्या. दोन पावलं. थांबा. गल्लीच्या मध्यावर घूस बरोबर त्यांच्या पायांखाली आली. सूर एवढा वाढला की दात शिवशिवले. आणि तेवढ्यात तिचा तळवा फुटक्या फरशीवर घसरला. ती गुडघ्यावर आपटली. झोळी खाली टेकली.

एकच धप्प आवाज. त्याच्यामागून दुसरा नाही.

कुणी हललं नाही. नितीन डोळे मिटून उभा होता. गुडघ्यातून रक्त येत होतं आणि सारिका ऐकत होती, जसं आयुष्यात कधी ऐकलं नव्हतं. सूर मोडतोय का. उतरतोय का.

सूर मोडला नाही.

झोळीतून आईचा आवाज आला, अगदी हळू, "लागलं का गं?"

दोरखंडापाशी होमगार्ड उभा होता. त्याने म्हातारीकडे पाहिलं, सारिकाच्या गुडघ्याकडे पाहिलं. मग दुसरीकडे तोंड करून दोरखंड वर उचलून धरला.

संध्याकाळी घूस बुरूडगल्लीच्या पलीकडे निघाली. एकही घर पडलं नाही. पगाऱ्यांच्या न्हाणीच्या भिंतीला तेवढा तडा गेला. टीव्हीवर तज्ज्ञ आले. घरात एकही माणूस नसताना, अख्ख्या गल्लीखालून, एकही पाऊल न ऐकता. शून्य. यंत्रणा शंभर टक्के यशस्वी. घर पडलं असतं तर बरं झालं असतं, असं सारिकाच्या मनात आलं. त्या विचाराची तिला लाजही वाटली नाही, इतकी ती थकली होती.

तिच्या घरी आई दिवाणावर झोपली होती. विलास मोजे न घालता तिच्या उशापायथ्याशी येरझाऱ्या घालत होता. आपण वाजतोय हे तो विसरूनच गेला होता. नितीन गॅलरीत बसला होता.

"मी सांगणार आहे," सारिका म्हणाली. "पुढची कोष्टीगल्ली आहे. तिथंही तोच प्रश्न विचारलाय."

"सांगितलंस तर आईला टाकून गेल्याचा गुन्हा माझ्यावर."

"हो."

"म्हणजे दुसऱ्यांदा." तो खाली रस्त्याकडे बघत राहिला. "मागच्या वेळी मला विचारलं नव्हतंस. या वेळी विचारतेयस. प्रगती आहे."

"नित्या..."

"सांग ना. सांग. चौकीतला तो हवालदार ओळखीचा झालाय आता. चहा देईल."

दुसऱ्या दिवशी खैरनारांनी तिला दारातच अडवलं. "काही सांगू नका. सांगितलंत की मला लिहावं लागेल."

"लिहा."

"अहो, तुमचा भाऊ आहे."

"कोष्टीगल्लीतही कुणाकुणाचे भाऊ आहेत साहेब. फक्त प्रश्न बदला. हिंडतीफिरती हे दोन शब्द काढा. घरात माणसं किती, एवढंच विचारा. मराठी वाक्य आहे, त्याला काय पूल बांधायचाय?"

"प्रश्न मंजूर झालेला आहे. कोर्टात दाखल आहे. बदलायचा म्हणजे आधीचे सगळे आकडे चुकीचे होते असं होतं. मग काम बंद. मग सिंहस्थ..." ते बोलता बोलता थांबले. आपण काय बोलतोय हे त्यांना स्वतःलाच ऐकू आलं असावं. खाली बसून त्यांनी कागद ओढला आणि ती सांगेल ते सगळं लिहून घेतलं. एक शब्द गाळला नाही. त्याबद्दल त्यांना श्रेय द्यायला हवं.

पुढे जे व्हायचं ते झालं. सारिका निलंबित. नितीनवर गुन्हा. प्रश्नाबाबत समिती नेमली, आणि समितीची पहिली बैठक घूस कोष्टीगल्लीतून निघून गेल्यानंतरच्या तारखेची ठरली. या देशात यंत्र चुकलं तर दुरुस्त करतात, वाक्य चुकलं तर समिती नेमतात.

घूस तिथे पोचायच्या आधीच एका दुपारी सारिका कोष्टीगल्लीत गेली. बिल्ला नव्हता. गुडघ्याला पट्टी होती. पहिल्याच घराचं दार एका बनियनवाल्या माणसाने अर्धवट उघडलं.

"काय पाहिजे?"

"घरात झोपून असलेलं कुणी आहे का, दादा? उठता न येणारं?"

"तुम्ही त्या कानवाल्या ना?" त्याने दार आणखी ओढून घेतलं. "आम्ही दोघंच आहोत. मी आणि बायको. सांगितलंय आम्ही तुमच्या पोरांना."

"ते तुम्ही चालणारे सांगितलेत."

"मग न चालणारं कुणी नाही."

आतून कुणीतरी खोकलं. सुकलेला, खोल, छातीच्या तळातून येणारा म्हाताऱ्या पुरुषाचा खोकला. तो माणूस सारिकाकडे बघत राहिला आणि सारिका त्याच्याकडे. खोकला थांबेना.

सारिकाने पिशवी खांद्यावरून काढली आणि त्याच्या पायरीवर बसली.

"त्यांना आधी पाणी द्या," ती म्हणाली. "मी बसलेय."